आधी कागद, मग प्रवास

इ.स. ३३३मध्ये आजच्या फ्रान्समधल्या बोर्दो शहरातून एक ख्रिस्ती यात्रेकरू जेरुसलेमला निघाला. त्याचं नाव इतिहासाला ठाऊक नाही, पण त्याने लिहून ठेवलेली वाट आजही वाचायला मिळते. बराचसा मजकूर म्हणजे नुसती जंत्री आहे. ठिकाणाचं नाव, पुढच्या ठिकाणापर्यंतचं अंतर, आणि तिथे फक्त घोडे बदलायची सोय आहे की रात्रीचा मुक्कामही करता येईल, एवढीच नोंद. तुलूजपर्यंतची अंतरं लीगमध्ये, पुढची रोमन मैलांत. डोंगर कसे होते, जेवण कसं होतं, सोबतीला कोण होतं, काही पत्ता नाही. पॅलेस्टाइन आल्यावर मात्र लेखणी सैल सुटते आणि बायबलमधल्या एकेक जागेपाशी तो थांबू लागतो.

आज हीच वाट धरायची तर फ्रान्स, इटली, स्लोव्हेनिया, क्रोएशिया, सर्बिया, बल्गेरिया, तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन आणि इस्रायल असे दहा देश लागतील. त्याला एकही सरहद्द आडवी आली नाही, कारण सगळा मुलूख एकाच साम्राज्याचा होता. त्याच्यापुढचा प्रश्न निराळा होता: जनावर कुठे थकेल आणि ताजं कुठे मिळेल? म्हणून त्याच्या यादीत घोडे बदलायच्या चौक्या भरलेल्या आहेत.

अनेक देशांच्या प्रवासाची आखणी कशी बदलत गेली ते पाहू लागलं, की हेच पुन्हा पुन्हा दिसतं. ज्या काळात जे मिळणं सगळ्यात कठीण, त्याच्याभोवती त्या काळची आखणी फिरते. कधी घोडा, कधी पैसा, कधी गाडीची वेळ, कधी शिक्का. जुन्या प्रवासयाद्यांत लोकांना काय पाहायचं होतं हे कमी कळतं. त्यांना कशाने अडवलं होतं ते जास्त कळतं.

रोमन रस्त्यांचा एक प्रसिद्ध नकाशा व्हिएन्नामध्ये जपलेला आहे. हातातली प्रत साधारण इ.स. १२००च्या सुमाराची, मूळ बरंच जुनं. लांबी जवळपास सात मीटर आणि रुंदी जेमतेम फूटभर. एवढ्याशा पट्टीत जग बसवायचं म्हणून भूमध्य समुद्र दाबून चिंचोळा केला आहे. पूर्वेच्या टोकाला भारतही आहे. नकाशा काढणाऱ्याला देशांच्या आकाराशी कर्तव्य नव्हतं. कोणत्या ठिकाणावरून पुढे कुठे आणि किती अंतरावर, एवढं कळलं की त्याचं काम झालं.

साम्राज्य मोडलं आणि वाटेत अनेक राज्यं आली, तेव्हा घोड्याइतकाच भाषेचा आणि पैशाचा प्रश्न मोठा झाला. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण फ्लॉरेन्समध्ये सापडतं. बार्दी या बड्या पेढीत नोकरी करणाऱ्या फ्रान्चेस्को पेगोलोत्तीने १३४०च्या आसपास व्यापाऱ्यांसाठी एक हातपुस्तक लिहिलं. त्यात आझोव्ह समुद्रावरच्या ताना बंदरापासून चीनपर्यंतची वाट दिली आहे. तानाहून अस्त्राखानला बैलगाडीने २५ दिवस, घोडागाडीने १० ते १२. मध्य आशियातल्या ऊर्गेंचहून ओत्रारला उंटांच्या गाड्यांनी ३५ ते ४० दिवस. ओत्रारहून अलमालिकपर्यंत गाढवांवर ४५ दिवस. पुढे चीनच्या हद्दीत शिरेपर्यंत पुन्हा गाढवांवरच ७० दिवस.

त्याचे सल्ले त्याहून वाचनीय आहेत. निघण्याआधी दाढी वाढू द्या. दुभाष्या घेताना चिकटपणा करू नका. चांगल्या दुभाष्याला जेवढे जास्त पैसे मोजाल, त्याहून जास्त तो वाचवून देईल. वाटेत व्यापारी मेला, तर त्याचा माल तिथल्या सत्ताधीशाकडे जातो. भाऊ किंवा जवळचा साथीदार सोबत असेल तर त्याला तो मिळू शकतो. चीनमध्ये पोचल्यावर तुमची चांदी सरकारजमा होईल आणि तिच्या बदल्यात कागदी नोटा हाती पडतील. घाबरू नका, त्या नोटांवर काहीही विकत मिळतं.

हा पेगोलोत्ती स्वतः चीनला गेलेला नव्हता. जाऊन आलेल्यांच्या तोंडून ऐकून, पेढीवर बसून त्याने हे सगळं रचलं. मुंबई-पुण्याच्या टूर कंपनीत टेबलामागे बसून न पाहिलेल्या गावातलं हॉटेल विश्वासाने सुचवणाऱ्या माणसाचा हा पूर्वजच म्हणायचा. वाट रात्रंदिवस सुरक्षित आहे, असं त्याने लिहिलं, कारण तेव्हा तो सगळा पट्टा मंगोल खानांच्या ताब्यात होता. पुढच्या काही दशकांत त्यांची सत्ता विस्कटली आणि ही आखणी कुचकामी झाली. गावं तिथेच होती, अंतरंही तेवढीच. वाटेला हमी देणारं मात्र कुणी उरलं नाही.

ही हमीच विकायची, ही कल्पना व्हेनिसने पक्की केली. पंधराव्या शतकात जेरुसलेमला जाणारे यात्रेकरू व्हेनिसला येत आणि तिथल्या गलबतांच्या मालकांशी लेखी करार करत. याफा बंदरापर्यंतचा प्रवास, जहाजावरचं जेवण, पवित्र भूमीतले कर, वाटेतली गाढवं, परतीचा प्रवास, हे सगळं एका रकमेत ठरे. व्यवहारावर व्हेनिसच्या सरकारची देखरेख असे, कारण फसवणुकीच्या तक्रारी वाढल्या तर गिऱ्हाईक दुसऱ्या बंदराकडे वळेल, ही भीती होती. उल्म गावचा फेलिक्स फाब्री हा धर्मगुरू १४८० आणि १४८३ अशा दोन वेळा या वाटेने गेला आणि त्याने तपशीलवार लिहून ठेवलं. एकदा पैसे भरले की पुढची दगदग दुसऱ्याची, हा ‘सगळं धरून’ सौदा पाचशे वर्षांपूर्वीच तयार होता.

पुढे अठराव्या शतकात इंग्रज सरदारांची मुलं शिक्षण पुरं करायला म्हणून फ्रान्स-इटलीला जाऊ लागली. थॉमस न्यूजंटने १७४९मध्ये त्यांच्यासाठी चार खंडांचं मार्गदर्शक काढलं, यावरून हा धंदा किती वाढला होता ते कळतं. इटली तेव्हा एक देश नव्हता. पीडमाँट, टस्कनी, पोपची राज्यं, नेपल्स, प्रत्येकाची हद्द वेगळी, जकात वेगळी, नाणं वेगळं. साथीच्या काळात तर आपण निरोगी गावाहून आलो, असं सांगणारा दाखला लागे. आल्प्समधल्या माँ सनीच्या खिंडीत बग्गी सुटी करून खेचरांवर लादत आणि खुद्द प्रवाशाला हमाल खुर्चीत बसवून पलीकडे नेत.

या मुलांच्या आखणीचा कणा म्हणजे दोन प्रकारची पत्रं. एक सावकाराचं: लंडनच्या पेढीने फ्लॉरेन्स किंवा रोमच्या पेढीला लिहिलेलं, की या गृहस्थांना इतकी रक्कम द्यावी. दुसरं शिफारसीचं: अमुक उमरावाने तमुक वकिलाला लिहिलेलं, की हा आमच्या ओळखीचा. ज्या शहरात आपलं पत्र चालणार नाही, तिथे मुक्काम लांबवण्यात अर्थ नव्हता. या तरुणांचा मार्ग कलाकृतींच्या ओढीने आखला गेला, असं पुस्तकांत लिहितात. त्यामागे सावकारांच्या आडत्यांचं जाळंही तेवढंच होतं.

एकोणिसाव्या शतकात ही पत्रं नसलेला मध्यमवर्ग बाहेर पडला. त्याला ओळखीची भरपाई छापील माहितीने करून हवी होती. मरियाना स्टार्क या बाईंनी आपल्या प्रवासपुस्तकांत चित्रांपुढे उद्गारचिन्हं घालायला सुरुवात केली. जितकी चिन्हं जास्त, तितकं चित्र चुकवू नये असं. लंडनच्या जॉन मरेने १८३६मध्ये युरोपवरचं हातपुस्तक काढलं, आणि जर्मनीच्या बेडेकरने पुढे ताऱ्यांची पद्धत रूढ केली. आज आपण हॉटेलला किती तारे आहेत ते पाहतो, त्याची मुळं इथे आहेत.

मग रेल्वे आली आणि कठीण गोष्ट पुन्हा बदलली. आता अडचण होती ती एका गाडीतून उतरून दुसरी पकडायची. सरहद्दीवर कंपनी बदले, तिकीट बदले, घड्याळसुद्धा बदले. थॉमस कुकने १८४१मध्ये लेस्टर ते लफबरो अशी दारूबंदीच्या सभेसाठी गाडी ठरवली होती. त्याचं खरं यश मात्र हे, की त्याने अनेक कंपन्यांची तिकिटं एका पुडक्यात बांधून दिली. १८६८पासून हॉटेलांची कुपनं आली, पुढे परदेशात वटवता येतील असे पतकागद आले. मार्च १८७३मध्ये त्याच्या कंपनीने युरोपभरच्या गाड्यांचं वेळापत्रक छापलं. ते कुकच्या नावाने २०१३पर्यंत चाललं. नंतर जुन्या संपादकांनी स्वतंत्रपणे पुन्हा सुरू केलं.

जगप्रदक्षिणा आखता येऊ लागली तीही याच सुमारास, आणि त्यातला एक सांधा आपल्याकडचा आहे. मे १८६९मध्ये अमेरिकेची आरपार रेल्वे जोडली गेली. नोव्हेंबरमध्ये सुएझ कालवा उघडला. मार्च १८७०मध्ये मुंबईहून कसारा घाट चढून गेलेली जी.आय.पी. रेल्वे आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे जबलपूरला एकमेकींना मिळाल्या. अवघ्या दहा महिन्यांत तीन गाठी बसल्या. १८७२च्या सप्टेंबरमध्ये स्वतः कुक मूठभर प्रवाशांना घेऊन निघाला आणि २२२ दिवसांनी परतला.

त्याच वेळी फ्रान्समध्ये ज्यूल व्हर्न ऐंशी दिवसांच्या प्रदक्षिणेची कादंबरी लिहीत होता. तिची सगळी गंमत हिंदुस्थानात आहे. वर्तमानपत्रांनी रेल्वे पूर्ण झाल्याचं छापलेलं, पण कादंबरीचे नायक फॉगसाहेब यांची गाडी मध्येच थांबते, कारण पुढे रूळच नाहीत. मग ते दोन हजार पौंड मोजून हत्ती विकत घेतात. वेळापत्रकावर विसंबून केलेल्या आखणीची भीती व्हर्नने नेमकी पकडली होती. कागदावरचा प्रवास आणि जमिनीवरचा प्रवास यांतलं अंतर शेवटी रोख पैशानेच भरून निघतं.

कुकने मुंबईत कचेरी उघडली १८८१मध्ये. साहेब लोकांची तिकिटं हा तिचा एक धंदा होता, पण मुंबईहून परदेशी जाणारी सगळ्यात मोठी गर्दी त्यांची नव्हती. ती हज यात्रेकरूंची. बंगालपासून मध्य आशियापर्यंतचे मुसलमान मुंबईला येत, जहाजाची वाट पाहत आठवडेच्या आठवडे काढत, दलालांकडून नागवले जात. १८८६मध्ये हिंदुस्थान सरकारने हे काम कुकच्या कंपनीकडे सोपवलं. काही वर्षं तिने रेल्वे आणि जहाजाची जोडतिकिटं चालवून पाहिली, पण फायदा जमेना आणि १८९०च्या दशकात व्यवस्था गुंडाळली गेली.

हजच्या आखणीत सगळ्यात अवघड टप्पा होता रोगाचा. १८६५मध्ये मक्केहून पसरलेली पटकी युरोपपर्यंत पोचली होती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय परिषदा भरल्या, नियम झाले, आणि १८८२पासून तांबड्या समुद्रातल्या कमरान बेटावर हिंदुस्थानातून येणाऱ्या जहाजांना थांबवून ठेवू लागले. पैसे, शिधा, कपडे, सगळ्याचा हिशेब हे सक्तीचे दिवस धरून करावा लागे. १८९६मध्ये मुंबईत प्लेग फुटला, तेव्हा पुढच्याच वर्षी मुंबईतून हजला जाणं बंद करण्यात आलं. कोविडच्या काळात लस घेतल्याचा दाखला दाखवून सरहद्दी ओलांडणाऱ्यांना ही नवी गोष्ट वाटली असेल. मुंबई बंदराला ती जुनीच होती.

युरोपातल्या सुखवस्तू माणसाला मात्र १९१४पूर्वी कागदांचा फारसा जाच नव्हता. पश्चिम युरोपातल्या बहुतेक देशांत तो पासपोर्टशिवाय फिरे. रशिया आणि तुर्की साम्राज्याकडे जायचं तरच धावपळ. पहिल्या महायुद्धाने हे संपवलं. हेरांच्या भीतीने तात्पुरती म्हणून आलेली तपासणी युद्धानंतर उठलीच नाही. ऑक्टोबर १९२०मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसला परिषद भरली आणि पासपोर्ट ३२ पानांची पुस्तिका असावा, असं ठरलं. त्या परिषदेतल्या अनेकांना ही तात्पुरती तडजोड वाटत होती. पासपोर्ट लवकरच नाहीसे व्हावेत, अशी आशा होती. शंभर वर्षांनंतर आपण तीच पुस्तिका खिशात घेऊन फिरतो. घोडा, नाणं आणि वेळापत्रक हे प्रश्न जगाने सोडवत आणले, आणि नेमक्या त्याच वेळी शिक्क्याचा नवा प्रश्न उभा केला.

स्वतंत्र भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर होता: परकी चलन. साठ-सत्तरच्या दशकांत बाहेर पडलेल्या पिढीच्या तोंडी ‘आठ डॉलर’ हा आकडा अजून आहे. सरकारी परवानगीने तेवढेच हाती मिळत. तिकीट काढण्याआधी रिझर्व्ह बँकेचा ‘पी फॉर्म’ मंजूर करून घ्यावा लागे. पासपोर्टवर कोणकोणत्या देशांसाठी तो चालेल, हे लिहिलेलं असे. आणि तो मिळणं हा मुळात हक्क नव्हताच, सरकारची मर्जी होती. एप्रिल १९६७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतवंत सिंग साहनी खटल्यात परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला, आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला.

या टंचाईतून एक खास देशी आखणी निघाली. विमानाच्या तिकिटांचे दर तेव्हा मैलांच्या हिशेबाने ठरत आणि पूर्ण दराच्या तिकिटावर वाटेत थांबता येई. त्यामुळे अमेरिकेला मुलाकडे निघालेले आईवडील जाताना रोम, येताना लंडन असं जोडून घेत. थांबायचं तिथेच, जिथे कुणी घरी उतरवून घेईल. डोंबिवलीच्या शेजाऱ्यांचा भाचा फ्रँकफर्टला असेल तर फ्रँकफर्ट. पत्त्यांची वही पुढे घेऊन मार्ग काढला जाई, आणि बॅगेत त्या घरासाठी गोडा मसाला आणि दिवाळी अंक असत. अठराव्या शतकातल्या सरदारपुत्राच्या खिशातलं शिफारसपत्र ते हेच, फक्त सावकाराऐवजी मावशीच्या सहीचं.

त्याच काळात उलट दिशेने गोरी पोरं खुष्कीच्या मार्गाने येत होती. १९५७मध्ये लंडनहून कलकत्त्याला पहिली प्रवासी बस आली. पुढे इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, लाहोर, दिल्ली हा ठरलेला रस्ता झाला आणि त्याचं एक टोक गोव्यात हणजुणच्या किनाऱ्याला लागलं. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे जोडपं याच वाटेने गेलं आणि १९७३मध्ये त्यांनी घरच्या घरी बांधलेली एक पुस्तिका विकायला काढली. ‘लोनली प्लॅनेट’ची सुरुवात ती. १९७९ साल उजाडलं, इराणमध्ये क्रांती झाली, वर्षाअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि रस्ता बंद पडला. पेगोलोत्तीच्या वाटेचं जे झालं, तेच.

युरोपच्या आत मात्र तरुणांना आखणीच नको होती. १९७२मध्ये निघालेल्या इंटररेल पासवर २१ वर्षांपर्यंतच्या मुलांना महिनाभर २१ देशांत कोणत्याही गाडीत चढता येई. गाडी दिसली, बसा. झोप आली की रात्रीची गाडी पकडा. ही बेफिकिरी फक्त ज्यांचा पासपोर्ट कुणी उघडून पाहत नाही त्यांना परवडणारी होती.

आपल्याकडच्या प्रवाशाला आज ज्या चौकटीत बसावं लागतं, ती सुरू झाली ट्रकच्या रांगांनी. १९८४मध्ये सरहद्दीवरच्या खोळंब्याला वैतागून ट्रकचालकांनी रस्ते अडवले. १४ जून १९८५ला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीतल्या एका जहाजावर पाच देशांनी आपसातली तपासणी कमी करत न्यायचा करार केला. २६ मार्च १९९५ला तो सात देशांत प्रत्यक्ष लागू झाला. आज त्यात २९ देश आहेत. मराठी टूर कंपन्यांचा पंधरा दिवसांत आठ-दहा देशांचा कार्यक्रम यामुळे शक्य झाला. स्वित्झर्लंड डिसेंबर २००८मध्ये यात आलं. तोवर पॅरिसहून युंगफ्राऊला जाऊन पुढे व्हेनिसला उतरायचं, तर स्विस व्हिसा वेगळा आणि शेंगेनमध्ये पुन्हा शिरण्याची परवानगीही हवी. इंग्लंड आजही बाहेर आहे, म्हणून लंडन बहुतेक कार्यक्रमांत एका टोकाला येतं, मध्ये नाही.

शेंगेनच्या व्हिसाने आखणीची जागाच बदलली. बोर्दोच्या यात्रेकरूची यादी प्रवासानंतर, दुसऱ्यांच्या उपयोगासाठी लिहिलेली होती. आताची यादी निघण्याआधी, अधिकाऱ्याला दाखवण्यासाठी लिहायची असते. कोणत्या तारखेला कोणत्या गावी, कोणत्या हॉटेलात, पुढे कशाने, आणि वर किमान ३०,००० युरोंचा विमा. अर्ज त्या देशाकडे करायचा, जिथे सगळ्यात जास्त मुक्काम; मुक्काम सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल पडेल त्या देशाकडे. त्यामुळे लोक प्रेक्षणीय स्थळांपेक्षा रात्री मोजतात. फ्रान्सच्या व्हिसा केंद्रात भेटीची तारीख मिळत नसेल, तर इटलीत दोन रात्री वाढतात. पॅरिसवरचं प्रेम तेवढंच असतं. तारीख मात्र रोमची मिळालेली असते.

एप्रिल २०२४मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी नियम थोडे सैल केले. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नीट पाळले असतील, तर दोन वर्षांचा व्हिसा, आणि त्यापुढे पाच वर्षांचा. म्हणजे आधीचा प्रवास हीच पुढच्या प्रवासाची शिफारस. एकदा दार उघडलं त्याला ते पुन्हा सहज उघडतं. पहिल्यांदा निघालेल्या सांगलीच्या निवृत्त शिक्षकाला मात्र बँकेचे कागद, आयकराचे कागद, मुलाचं पत्र, सगळं जोडून वाट पाहावी लागते.

याचा सगळ्यात रोकडा परिणाम दिसतो तो विखुरलेल्या मराठी कुटुंबांत. एक भाऊ न्यू जर्सीत, त्याच्या हाती अमेरिकेचा पासपोर्ट. बहीण दुबईत, पासपोर्ट भारताचा. आईवडील गावी. वडिलांच्या पंचाहत्तरीला सगळ्यांनी कुठेतरी बाहेर आठ दिवस एकत्र राहायचं ठरतं, आणि व्हॉट्सॲपवर ठिकाणांची यादी सुरू होते. धाकटे समुद्रकिनारा सुचवतात, कुणी डोंगर, कुणी क्रूझ. आठवडाभर चर्चा होते. मग कुणीतरी व्यवहारी माणूस विचारतो, की सगळ्यांना व्हिसा कुठला झटपट मिळेल, आणि तिथेच यादीतली निम्मी नावं गळतात. उरलेल्यांतून जागा ठरते ती ज्याच्या पासपोर्टला सगळ्यात कमी दारं उघडतात त्याच्या सोयीने. इतरांनी आपापली विमानं आणि रजा त्याला जुळवून घ्यायच्या.